हायड्रोजनची चौथी रेघ

यंदा लॅबच्या खिडक्यांना काळं कापड मी लावून घेतलं. चढले मोरेश्वरभाऊ, तोंडात खिळे धरून. मी खाली उभी राहून नुसती "इकडून उजेड येते, तिकडून उजेड येते" म्हणत होते. मोरेश्वरभाऊ आमच्या कॉलेजातले लॅब अटेंडंट. एरवी ते माझं असं ऐकून घेत नाहीत. "मॅडम, तुम्ही खुर्चीवर बसा न जी, मी करतो माह्या मनानं," असं तोडून बोलतात. यंदा एक शब्द नाही. जिथे बोट दाखवलं तिथे खिळा. मला म्हणावंसं वाटलं, अहो भाऊ, भांडा ना जरा माझ्याशी. सगळ्यांनीच असं गोड वागायचं काय घेतलं आहे!

फेब्रुवारी सरत आला. आरमोरीच्या भवतालचं धान कधीच घरात गेलं, बांध्यांतलं लाखोळीचं कडधान्य उपटून झालं. मोहाखालचा पालापाचोळा लोक जाळू लागले आहेत. फुलं पडायला लागली की वेचायला जमीन साफ हवी ना. त्या धुराचा वास काळ्या कापडातूनही लॅबमध्ये शिरतो. पळस फुलला आहे. लोक त्याचे फोटो काढून मला पाठवतात, मन रमावं म्हणून. मला यंदा पळसाचा राग येतो. एवढं लालेलाल व्हायचं काही कारण नव्हतं.

हा आमचा प्रॅक्टिकलचा हंगाम. आमच्या या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांचाही हाच हंगाम, त्यामुळे पोरं मंडपातून उठून तशीच कॉलेजात येतात. मागे एक जण प्रयोगाच्या छोट्या टेलिस्कोपला डोळा लावून चक्क झोपला होता. आम्हाला वाटलं, बाप्पा, काय निष्ठा आहे पोराची! "मॅडम, रस्त्यावर वाघ होता, गाडी थांबली होती," हे कारण तर दर बॅचला कोणी ना कोणी सांगतंच. तपासायची सोय नाही, म्हणून आम्ही ते मान्य करतो. त्यातलं निम्मं खरंही असतं.

या सगळ्या प्रॅक्टिकलांमध्ये हायड्रोजनचं प्रॅक्टिकल धनराजचं. धनराज म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघं एकाच कॉलेजात, एकाच विभागात शिकवत होतो. भिंग, लोलक, लंबक, सगळं मी बघायची; हायड्रोजनच्या टेबलाला मात्र तो कोणाला हात लावू देत नसे.

प्रयोग सांगायला सोपा आहे. काचेची एक बारीक नळी, तिच्यात कोंडलेला हायड्रोजन. विजेचा मोठा दाब दिला की ती जांभळट गुलाबी पेटते. पण तो गुलाबी रंग हे नुसतं ढोंग. बारीक बारीक रेघा आखलेल्या काचेतून, म्हणजे ग्रेटिंगमधून, तो उजेड नेला की त्याचे तुकडे पडतात, आणि काळोखात चार उभ्या रेघा उभ्या राहतात. लाल, निळसर हिरवी, मग एक जांभळट निळी, आणि चौथी जांभळी. अधेमधे काही नाही. हायड्रोजनच्या पोटात एकच इलेक्ट्रॉन, तो वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो आणि उतरताना ठरलेला एवढाच रंग टाकतो. कोणती रेघ कुठे पडणार हे गणित आधीच सांगून बसलेलं असतं. आपण फक्त जाऊन बघायचं, ते खरं बोललं की नाही.

हे 'जाऊन बघायचं' धनराजला फार आवडायचं. आमच्या घरच्या बुद्धवंदनेतही तेच आहे, या आणि स्वतः पाहा. तो पोरांना सांगायचा, "मी सांगून राह्यलो म्हणून मानू नका. पुस्तकात आहे म्हणून तर बिलकुलच मानू नका. आपली रेघ आपण पाह्यची." आणि मग रंगात येऊन सांगायचा की मोठमोठ्यांनी सिद्धांत मांडले आणि या हायड्रोजननं ते मोडले. सगळ्यांना वाटायचं लाल रेघ एक आहे. बारीक यंत्रानं पाहिलं तर त्या दोन निघाल्या, अगदी खेटून उभ्या. मग सिद्धांत बदलावा लागला. आणखी बारीक पाहिलं, तर जागा अजून जराशी हललेली. पुन्हा बदला! "येवढासा हायड्रोजन," तो चिमूट दाखवून म्हणायचा, "पण कोणाच्या बापाचं ऐकत नाई." मागच्या बाकावरची झोपलेली पोरंसुद्धा इथे हसायची.

चौथी रेघ फार फिकी असते. टेलिस्कोप मधल्या जागेपासून बाजूला सरकवत नेला तर खरं म्हणजे तीच आधी येते, पण येऊन जाते तरी कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून पोरं काय करतात, पुस्तकातून आकडा घेतात, उलटं गणित मांडून कोन काढतात आणि वहीत चढवतात. असले कोन धनराज बरोबर पकडायचा. कसे? ते चुकलेले नसायचे म्हणून. "चौथीचं रीडिंग इतकं सुंदर? हे तू डोळ्यानं घेतलं नाई बावा, पेननं घेतलं." ज्याचं रीडिंग थोडं हुकलेलं, त्याला मार्क जास्त. बाहेरून आलेले परीक्षक चक्रावून जायचे.

मला चौथी रेघ कधी दिसली नाही. ही गोष्ट चंद्रपूरपासूनची.

चंद्रपूरला आम्ही एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी गोंडपिपरीकडची, तो इकडचा आरमोरीच्या बाजूचा. हजेरीत दोघांची नावं लागून, म्हणून एका टेबलावर. फेब्रुवारीच्या शेवटीच तिथे ऊन चावायला लागतं, आणि खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की कोळशाची काळी भुकटी बोटाला. लॅबच्या काचा काळ्या रंगवलेल्या, पंखा बंद, कारण पंख्यानं पडदा हलतो. घामानं चष्मा नाकावरून घसरायचा. माझा चष्मा तेव्हाही जाडच. गावात मला 'चष्मेवाली बाई' म्हणत, सातवीपासून.

तिसऱ्या रेघेपर्यंत आम्ही आळीपाळीनं बघितलं. चौथीला मी डोळा लावून बसले, बसले, काही नाही. नुसता काळोख. धनराज म्हणाला, "सरक." खांद्यावरचा दुपट्टा त्यानं डोक्यावरून टेलिस्कोपवर ओढून घेतला, आपल्याकडे उन्हात बांधतात ना तो साधा दुपट्टा, आणि आत गुडूप होऊन गप्प बसला. किती वेळ! मला वाटलं यालाही झोप लागली. मग दुपट्ट्याच्या आतून आवाज आला.

"आली."

"कुठी?"

"सरळ पाह्यलं त जाते. बाजूले पाह्यचं, जसं आपलं तिच्याकडे लक्षच नाई. मंग येते बरोबर. पाह्य तू."

मी दुपट्ट्यात शिरले. सरळ पाहिलं, बाजूला पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं. आतमध्ये त्याच्या घामाचा आणि नीळ दिलेल्या कापडाचा वास होता, आणि रेघ नव्हती.

"नाई दिसत."

"राहू दे. मी पाहतो, तू लिह्य."

तो आकडे बोलत गेला, मी लिहीत गेले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला विचारलं, "चौथी रेघ दिसली का?" मी म्हटलं, "सर, यानं पाहिली, मी लिहिली." ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "म्हणजे संसारच झाला की हा." मी संतापले होते. धनराज मात्र खाली मान घालून हसत होता, कानापर्यंत लाल होऊन. दोन वर्षांनी लग्न झालं.

आणि खरोखर तसंच चाललं हो. स्टँडवर येणाऱ्या बसची पाटी तो वाचायचा. दुकानातल्या पाकिटावरची बारीक अक्षरं तो वाचायचा. रस्त्याच्या कडेनं पलीकडे काही हललं की "चितळ आहे, दोन. एक पिल्लू," हे मला तो सांगायचा आणि मी "हो का, छान" म्हणायची. माझी चितळं, माझे पक्षी, माझ्या पोरीच्या गॅदरिंगमधला तिचा नाच, सगळं मी त्याच्या तोंडून पाहिलेलं आहे. मला त्याचं दुःख नव्हतं. लोकांना वाटतं, बिचारी. अरे, बिचारी काय! कानाशी इतकं गोड कोणी बोलत असलं तर डोळ्यांचं कोणाला पडलं आहे?

पण धनराजला ते सलायचं. बाकी काही दिसलं नाही तरी चालेल, चौथी रेघ वंदनाला, म्हणजे मला, दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट. दर वर्षी या दिवसांत ट्यूब लावून झाली, कोन जुळवून झाला, की तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहायचा. चार लोकांसमोर विचारायचा, "येतं का? यंदा दिसते का पाहू." मी हातातलं टाकून जायची. दुपट्ट्याखाली आम्ही दोघं, पन्नाशीकडे झुकलेली माणसं, आणि बाहेर मोरेश्वरभाऊ खोकून खोकून आपण इथे आहोत हे कळवत. मी डोळा लावायची आणि म्हणायची, नाई. वर्षं गेली तसा मोतीबिंदूही वाढला. मग तिसरी रेघ गेली. तरी तो विचारायला यायचा.

मागच्या उन्हाळ्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या दोन्ही डोळ्यांतल्या भिंगांवर जन्मापासूनच डाग होता. जांभळा रंग त्यात आधी अडतो. भिंग बदललं की दिसेल. धनराजनं त्यांना पहिलं काय विचारावं? मला चालता-वाचता येईल का, हे नाही. "डॉक्टरसाहेब, चारशे दहा नॅनोमीटर दिसन का?" तो चौथ्या रेघेचा आकडा, पण डॉक्टरांना कळेना हा माणूस काय बोलतो आहे. मी त्याला टेबलाखालून चिमटा काढला. परतताना गाडीत तो गुणगुणत होता. ऑपरेशन पोळ्यानंतर करायचं ठरलं. "प्रॅक्टिकलच्या आधी डोळा एकदम तयार पाह्यजे," म्हणाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते, रोगराई गावाबाहेर हाकलायची. पहाटे पोरं गल्लीगल्लीत ओरडत जातात, ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. धनराज अंगणात दात घासत होता. पोरांना काहीतरी म्हणाला, ती हसली. मग त्यानं भिंतीला हात टेकला. "वंदना, छातीत कसं तरीच होऊन राह्यलं," एवढंच म्हणाला. शेजाऱ्यांनी गाडी काढली. ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे जाताना, वैनगंगेचा पूल यायच्या अलीकडेच तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि कसा आहे हे सांगायला तोच हवा होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक आले, लोक गेले. "वेळ सगळं भरून काढते," असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांची नावं मला पाठ आहेत. काय भरून काढते? विहीर आहे का ती?

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत पल्लवीनं, माझ्या मुलीनं, अक्षरशः ओढत नेऊन करवलं. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती नर्सची निळी ओढणी. इतकी निळी की मला भीती वाटली. घरी आले तर घर भलतंच. भिंतीवर डाग, भांड्यांवर ओरखडे, आणि धनराजच्या फोटोत त्याच्या डाव्या भुवईत एक बारीकशी खूण. इतकी वर्षं संसार केला आणि ही खूण मला माहीत नव्हती. मी पल्लवीला विचारलं, ही कधीची गं? ती म्हणाली, "आई, ते तर पहिल्यापासूनच आहे न." मी त्या दिवशी जेवले नाही.

म्हणून यंदा मी टेबलाजवळ जात नव्हते. कापड लावून घेतलं, ट्यूब पुसून घेतली, कोन जुळवायचं काम मात्र आज-उद्यावर. मला ठाऊक होतं, डोळा लावला तर ती दिसणार. गणित सांगतं ती तिथे आहे, डॉक्टर सांगतात डोळा तयार आहे. यात न दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि दिसली की संपलं. धनराजनं माझ्यासाठी पाहायचं असं जगात जे शेवटचं राहिलं होतं, तेही मीच पाहून टाकायचं? त्याच्या माघारी? वेडेपणा वाटेल वाचणाऱ्याला. वाटू दे. नवरा गेल्यावर शहाणपणानं कसं वागतात हे मला कोणी शिकवलेलं नाही.

परीक्षा तोंडावर आली तशी आमची एक विद्यार्थिनी, करिश्मा, दाराशी येऊन म्हणाली, "मॅडम, हायड्रोजनचा टेबल कधी लागते? सरांचं प्रॅक्टिकल आम्हाले पाह्यजेच. दुसऱ्या बॅचचे म्हणतात, कॉम्प्युटरवर करून घ्या. आम्ही नाई करत." पोर तावातावानं बोलत होती. तिला काय सांगणार? म्हटलं, "उद्या लागते."

दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी मी आणि मोरेश्वरभाऊ लॅबमध्ये गेलो. त्यांनी बटण दाबलं. ट्यूब जराशी फडफडली आणि पेटली. मी स्टुलावर बसले. कपाटातून काळं फडकं काढून डोक्यावरून घेतलं. धनराजचा दुपट्टा घरी आहे, तो मी आणू शकले नाही. उजवा डोळा लावला. लाल रेघ इतकी झगझगीत की डोळा मागे घ्यावा लागला. निळसर हिरवी. मग तिसरी, जी मी कितीक वर्षांत पाहिली नव्हती, ती आपली शांत उभी. मी टेलिस्कोप मधल्या बाजूला आणखी सरकवला.

बाजूला वगैरे पाहावं लागलं नाही. ती सरळच आली. बारीक, खोल, वांगी रंगाची. अगदी स्वच्छ. जिथे असायला पाहिजे तिथेच. आणि काय सांगू, क्षणभर मला आनंद झाला. निव्वळ आनंद, लहान पोरीसारखा. मी ओरडले, "धनराज, दिसली रे!"

लॅबमध्ये ट्यूबची घुंघुं तेवढी ऐकू येत होती. फडक्याच्या आत मी तशीच बसून राहिले. बाहेर यायची हिंमत होईना. बऱ्याच वेळानं मोरेश्वरभाऊ हळूच म्हणाले, "मॅडम... ट्यूब बंद करू काय जी? लय गरम झाली."

"थांबा जरा," मी म्हटलं.

मी उजवा डोळा मिटला आणि डावा लावला. तो अजून जुनाच आहे, त्याच्यावरचा डाग तसाच. लाल रेघ आली, मळकी. निळसर हिरवी आली न आली. पुढे काही नाही. चौथीची जागा काळी, गुडूप. चंद्रपूरला होती तशीच, आणि मग दर वर्षी होती तशीच. त्या काळोखात मी डोळा लावून बसले आणि मला पहिल्यांदा, पोळ्यानंतर पहिल्यांदा, असं वाटलं की माझ्या बाजूला कोणी तरी आहे आणि आता काही बोलेल. बोललं कोणी नाही. मी रडले, मोठ्यानं रडले. मोरेश्वरभाऊ बाहेर जाऊन दार लावून उभे राहिले, पोरांना आत येऊ न देता.

प्रॅक्टिकलं झाली. करिश्माला चौथी दिसली. रीडिंग थोडं हुकलं, मी पूर्ण मार्क दिले. परीक्षक काही बोलले, मी ऐकलं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख पल्लवीनं परीक्षेनंतरची घेऊन ठेवली होती. काल तिचा फोन आला, कोणत्या गाडीनं येतेस, उपाशीपोटी यायचं आहे, गोळ्या बंद कर. मी म्हटलं, मी येत नाही.

"काऊन आई? भीती वाटून राह्यली का? पहिला डोळा किती मस्त झाला!"

"झाला न. सगळं दिसते त्यानं."

"मंग? दुसरा कायले ठेवते असा?"

मी म्हटलं, "राहू दे बाई. एका डोळ्याले तरी तुझ्या बाबाची गरज राहू दे."